शिक्क्याआडचे डबे

साहेब, ते बटण तुम्ही बंद केलंत. उंदरानं नाही, विजेच्या लपंडावानं नाही, नशिबानं तर मुळीच नाही. तुमच्या खात्याच्या माणसानं, तुमच्या खात्याच्या नियमाकडे बोट दाखवत, उजव्या हाताच्या अंगठ्यानं ते दाबलं. डाव्या हातात कप होता. कपात आक्काच्या घरचा चहा होता. आणि वर तो म्हणाला, साखर जरा कमी आहे.

पुढचं काही ठाऊक नाही, असं तुमचं म्हणणं असेल. ठाऊक करून घ्यायला हवं होतं. नाही घेतलंत, तर आता ऐका.

आक्का बिअर बनवते. "आक्का गाळते," असं गल्लीत कुणी म्हटलं की ती तिथल्या तिथे त्याचा हिशेब चुकता करते. "गाळत नाही रे, आंबवते. गाळलेली ढोसतात ते तुझे मामा." सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते, तिच्याहून थोरलेसुद्धा. घरात माणसं तीन: ती, तिचा धाकटा भाऊ आणि बाबा. कारखान्यातही हीच तीन. घर आणि कारखाना यांच्यात एक भिंत, आणि त्या भिंतीतूनसुद्धा उकळत्या माल्टचा वास घरात येतो, म्हणजे भिंत असून नसल्यासारखी.

सुरुवात बाबांनी केली. नोकरी संपल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली आणि तिच्या जागी टाकी आणून बसवली. गाडी पावसात सडली. लोक हसले. बाबा म्हणाले, "गाडी भिजली तरी चालते. यीस्टला सर्दी झाली तर ती कोण काढणार?" पुढं आक्का शिकली, बापाला मागे टाकून गेली, आणि बाबांनी ते हसत मान्य केलं. बाबांनी हसत मान्य केलेल्या गोष्टी फार नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्यांच्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं. मोठे कारखाने बिअर बारीक गाळून, तापवून, तिच्यातला जीव काढून घेतात. हे तिघं तसं करत नाहीत. त्यांचा तो हट्ट आहे म्हणा, माज म्हणा. आणि या हट्टातून त्या घराची एक रीत पडली. बाटल्या भरायच्या आधी बाबा पातेल्यात साखरेचा पाक करायचे, निववायचे आणि टाकीत ओतायचे. तेवढी साखर खाऊन यीस्ट बाटलीच्या आत बुडबुडे तयार करतं, बिअरला फेस येतो. बाकीचे कारखाने याला काय म्हणायचे ते म्हणोत, या घरात याला शिदोरी म्हणतात. "बाटली परगावी निघाली," बाबा म्हणायचे, "रिकाम्या पोटी धाडायची का?" पाक दुसऱ्या कुणी केलेला त्यांना खपत नसे. चमचा धाकट्याच्या हातात दिसला तरी त्यांच्या कपाळावर आठी.

मग कॅन आले. आणि कॅन उगाच आले नाहीत.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हौस दांडगी. त्यानं आक्काच्या बाटल्या दुकानाच्या काचेत ओळीनं मांडल्या. ऊन पडलं की सोन्यासारख्या चमकायच्या. गिऱ्हाईक काचेपाशी थांबायचं, विकत घ्यायचं, घरी जाऊन उघडायचं आणि परत आणून द्यायचं. जळक्या रबराचा वास! आक्कानं काचेतली एक बाटली आणि खोक्यातली एक बाटली शेजारी ठेवून चाखली आणि काचेतली तिथेच थुंकली. उजेडानं बिअर नासते. रंगीत काच थोडं अडवते, सगळं नाही. आपण महिना महिना राबायचं आणि सूर्यानं दुपारभरात वाटोळं करायचं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

धाकटा तर टपलाच होता. "कॅन म्हणजे चोवीस तास काळोख, आक्का. उजेड नाही, हवा नाही. फेस वर आला की त्याच्यावरच झाकण दाबायचं, हवेला पाय ठेवायला जागा नाही. वजनाला हलका. रस्त्यात फुटत नाही. फ्रिजमध्ये ठेवला की बाटलीच्या आधी गार. आणि लांबच्या गावचे दुकानदार मागतायत, त्यांना काय काचा पाठवू?"

"डबडं," बाबा म्हणाले. "टिनपाट. पत्र्याची चव लागते."

"आतून लेप असतो, बाबा. बिअर पत्र्याला शिवतसुद्धा नाही."

"लेप? मग लेपाची चव लागते."

धाकट्यानं आपलीच बिअर बाहेरून दोन-चार कॅनमध्ये भरून आणली, बाबांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि दोन पेले पुढे केले. बाबांनी दोन्ही चाखले, जीभ टाळूला लावली, वेळ घेतला. "हा उजवीकडचा बाटलीतला. काचेचा खानदानीपणा लपत नाही." टॉवेल सोडला. उजवीकडचा कॅनमधला होता. आक्का खिडकीकडे तोंड करून हसली. बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे आपल्या बिअरनं डबडंसुद्धा माणसात आणलं," आणि दुसरा पेलाही संपवला.

तेव्हा ठरलं. शेजारची शेड घेतली, मोठी टाकी आणली, कॅन भरायचं यंत्र आणलं, आणि घराच्या भिंतीला लागून पत्र्याच्या छपराची एक थंडखोली बांधली. कॅनसाठी आक्कानं दोन नियम केले. पहिला: कॅनमध्ये गॅस यंत्रच घालतं, तेव्हा शिदोरी घालायची नाही. दुसरा: टाकीपासून दुकानाच्या फ्रिजपर्यंत बिअर गार राहिली पाहिजे. गारव्यात यीस्ट झोपतं. उबेत जागं होतं आणि खायला शोधतं.

बाबा दोन्ही नियम ऐकून "बरं" म्हणाले. आक्कानं तिथेच ओळखायला हवं होतं. बाबा कधी "बरं" म्हणत नाहीत.

पहिल्यांदा कॅन भरले त्या दिवशी तिघंही वेडी झाली होती. पट्ट्यावरून कॅन रांगेनं येत, फेसाचा मुकुट घालून, आणि यंत्र एकेकाच्या डोक्यावर झाकण दाबून कडा वळवी. आक्कानं चाखली. जरा गोड वाटली. तिनं मनात म्हटलं, आज दगडसुद्धा गोड लागेल. चूक झाली. इतकी वर्षं जी जीभ कधी खोटं बोलली नाही, तिच्यावर तिनं त्या दिवशी विश्वास ठेवला नाही.

खोली भरली. दुसऱ्या दिवशी गाडी निघायची होती. सकाळी गाडीच्या आधी तुमचा माणूस आला. त्याला तिथं सगळे शिक्केवाला म्हणतात. बॅगेत शिक्का, लाख, तार, शिशाच्या गोळ्या आणि पक्कड. चहा घेतला. मग म्हणाला, "परवान्यात बाटली लिहिलंय. हे बाटली आहे का?"

"कॅनची मंजुरी तुमच्याच वरच्या ऑफिसनं दिलीय," आक्का म्हणाली. "हा कागद."

"हा तुमच्याकडचा कागद. आमच्याकडचा आमच्याकडे आला पाहिजे ना! तो येईपर्यंत माल सीलबंद."

"ठेवा सीलबंद. आत हात लावणार नाही. फक्त थंडी चालू राहू द्या."

"सीलबंद जागेत यंत्र चालू ठेवता येत नाही. नियम आहे."

"आतली बिअर जिवंत आहे हो!"

"जिवंत?" शिक्केवाला खुशीत आला. "मग जनावरांच्या खात्याकडे जा. ते वेगळ्या मजल्यावर."

आणि तो आत गेला, आणि अंगठा, आणि बटण. थंडखोलीची घरघर थांबली तेव्हा आक्काला पहिल्यांदा कळलं की आपण ती घरघर रात्रंदिवस ऐकत होतो. दाराला तार ओवली, शिसं दाबलं, लाखेवर शिक्का उठवला. जाता जाता त्यानं समजावलं, अगदी आपुलकीनं: सील ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. दुसऱ्या कुणी काढलं तर ते काढणं नव्हे, फोडणं. आणि फोडलं तर परवाना गेला. कॅनचा नव्हे. सगळा.

म्हणजे जुनं गॅरेज, नवी शेड, बाटल्या, टाक्या, बाबांची गाडी ज्यासाठी सडली ते सगळं, त्या शिशाच्या गोळीला टांगलेलं. चण्याएवढी गोळी.

"दोन दिवसांत मोकळं करतो," शिक्केवाला म्हणाला. त्याचे ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत असं धरून चाला, कारण सील काढायला तो आलाच नाही.

ऊन तापायला लागलं. आक्काला काळजी चवीची होती. साखर नाही म्हणजे यीस्ट उपाशी, उपाशी यीस्ट काय करणार? चव उतरेल, वास बसेल, पण फुटायचं काही कारण नाही, असं ती धाकट्याला सांगत होती आणि स्वतःला सांगत होती. तरी तिचा पाय ठरेना. अंगणातून शेडमध्ये, शेडमधून अंगणात. चहा करायची आणि प्यायची विसरायची. तुमच्या ऑफिसला फोन करायची. साहेब मीटिंगमध्ये. साहेब दौऱ्यावर. साहेब आत्ताच जेवायला गेले. साहेब, तुम्ही जेवता फार हळू.

मग एका दुपारी बाबांच्या खोलीतून आवाज आला. टक. लहानसा, कुणी जिभेनं काढावा तसा. मागोमाग काहीतरी घरंगळलं.

आवाज कपाटातून होता. आक्कानं दार उघडलं. स्वेटरच्या घडीखाली एक कॅन आडवा पडलेला. बाबांनी सगळ्यांच्या नकळत लपवून ठेवलेला, "पत्र्याची चव कधी उतरते ते बघायला." कॅनचा तळ आतल्या बाजूला खोलगट असतो, वाटीसारखा. या कॅनची वाटी उलटी झाली होती, बाहेर पोट सुटल्यासारखी. टेबलावर उभा केला तर उभा राहीना, डुलायला लागला.

आक्का कॅनकडे बघत राहिली. मग बाबांकडे. बाबा चष्मा पुसत होते. स्वच्छ चष्मा.

"बाबा, पाक केला होता?"

"कधी?"

"बाबा."

"अगं, ती यंत्राची हवा म्हणजे उसनी ढेकर," बाबा म्हणाले. "तिच्यावर काय भरवसा? आदल्या दिवशी, गॅस सोडायच्या आधी, घातली शिदोरी. नेहमीचीच घातली." थांबले. "डबड्यात जातायत म्हणून मूठभर जास्तच घातली."

धाकट्यानं डोक्याला हात लावला. "गॅस पण आणि शिदोरी पण! बाबा, पोटभर जेवलेल्याला घास भरवलात हो!"

"मला काय माहीत थंडी कोण बंद करेल? गार राहिली असती तर कळलंसुद्धा नसतं कुणाला!"

हे खरं होतं, साहेब, आणि लिहून घ्या. चूक बाबांची. आक्का गोड चवीला भुलली ती चूक आक्काची. त्या घरानं ती पदरात घेतली, वाटून घेतली, कुणी नाकारली नाही. पण ती चूक झोपलेली होती. गारव्यात झोपलेली. तिला उठवून बसवणारा अंगठा त्या घरातला नव्हता.

आता आक्काला समजलं की भिंतीपलीकडे काय भरून ठेवलंय. खोलीभर कॅन, प्रत्येकाच्या पोटात जास्तीची साखर, वर तापलेला पत्रा. तिनं भिंतीला कान लावला. थोडा वेळ काही नाही. मग आतून, लांबून: टक. आणि थोड्या वेळानं, दुसरीकडून: टक.

त्या क्षणापासून तिचं बसणं संपलं. दुकानदारानं पेन दाबलं तरी तिची मान वळे. शेजारच्या दाराची कडी पडली तरी दचके. धाकट्यानं छपरावर जुनी पोती अंथरली आणि ती नळाची नळी घेऊन त्यांच्यावर पाणी मारत राहिली. पोती भिजत, ऊन ती वाळवी, ती पुन्हा भिजवी. दाराच्या फटीशी बर्फाच्या लाद्या लावल्या, त्यांचं पाणी होऊन अंगणात वाहून गेलं. सगळा खटाटोप म्हणजे तापलेल्या माणसाच्या घराबाहेर ओल्या पट्ट्या वाळत घालणं.

बाबांची खोली नेमकी त्या भिंतीला लागून. "पुढच्या खोलीत झोपा," आक्का म्हणाली.

"नाही."

"बाबा, भिंत एकविटेची आहे."

"शिदोरी मी घातली. राखण मी करणार." आणि ते खुर्ची भिंतीला लावून बसले. मधूनमधून भिंतीवर बोटानं वाजवायचे आणि पलीकडच्यांना दटावायचे, "झोपा रे. गप झोपा. आक्का गेलीय साहेबाकडे."

आक्का खरंच गेली होती. तो डुलणारा कॅन पिशवीत घालून, बर्फात गुंडाळून.

तुमच्या टेबलावर तिनं तो ठेवला ते तुम्हाला आठवत असेल. बर्फ पुसला, कॅन उभा केला, तो डुलायला लागला. तुम्ही आधी हसलात.

"हे काय?"

"तुमचं सील," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"थंडी बंद केलीत. आतले सगळे असे फुगतायत."

तुमचं हसू जरा अडखळलं. "हे... फुटेल का?"

"इथं पंखा आहे. ऊन लागलं तर फुटेल."

तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. शेजारचा कारकून उठून कपाटाआड गेला आणि तिथून मान काढून म्हणाला, "बाई, आधी तो उचला! माणसं आहेत इथं!"

"उचलते. तिथंही माणसं आहेत. सील काढा."

"फाइल वर गेलीय," तुम्ही म्हणालात.

"वर कुठं?"

"वर."

दाराशी उभ्या शिपायानं वर बघितलं. वर पंखा होता.

"ज्यानं लावलं त्याला तरी पाठवा."

"ते प्रशिक्षणाला गेलेत."

"कसलं प्रशिक्षण?"

कपाटाआडून कारकुनानं सांगितलं, "सुरक्षेचं."

आक्का हसली नाही. तिला त्या वेळी हसणं जमलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नुसतं बटण चालू करायला तरी तोंडी सांगा. मी दार उघडते, बटण दाबते, दार लावते. तुमचा माणूस शेजारी उभा करा. माझा हात धरून ठेवा हवं तर."

"लेखी द्या," तुम्ही म्हणालात. तिनं तिथेच उभ्यानं लेखी दिलं. तुम्ही घेतलंत, वाचलं नाहीत, आणि बोटानं कॅन दाखवून पुन्हा म्हणालात, "आणि हे न्या आधी."

साहेब, तुमच्या टेबलावर एक कॅन होता आणि तुम्हाला तो क्षणभर सोसवला नाही. नियम विचारला नाहीत. फाइल वर पाठवली नाहीत. धोका काय असतो ते तुम्हाला न शिकवता कळलं, कारण धोका तुमच्या पोटासमोर डुलत होता.

ती परत आली तेव्हा धाकटा अंगणात पक्कड घेऊन उभा होता. "मी तोडतो. माझ्यावर येऊ दे सगळं."

"परवान्यावर तुझं एकट्याचं नाव नाही. तिघांचं आहे."

"मग काय, आतल्या सगळ्यांचा बार होईपर्यंत पोत्यांवर पाणी मारत बसायचं?"

"उद्यापर्यंत बघू. लेखी दिलंय."

"लेखी!" धाकटा म्हणाला. "आक्का, तू बिअर आंबवायला बसवतेस ना, तसं ते कागद आंबवायला ठेवतात. फरक इतकाच की त्यांच्यातलं काही कधी तयार होत नाही."

तिनं पक्कड त्याच्या हातून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. त्याला वाटलं, लपवली. ती जवळ ठेवत होती.

दुसरा दिवस उजाडला तोच तापलेला. टक आता एकेकटं येत नव्हतं. मक्याच्या लाह्या फुटायला लागतात तशी आधी एखादी, मग दोन, मग कुठली कुणाची ते कळेना. आक्का तुमच्या ऑफिसला फोन लावून उभी होती. पलीकडे कुणीतरी "थांबा हं" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवलेला. तिला तुमच्या ऑफिसातले कप वाजताना ऐकू येत होते.

तेवढ्यात पहिला फुटला.

एकाला दुसऱ्याचा धक्का, दुसऱ्यामागे रांग कोसळली, आणि आत जे सुरू झालं ते आवाज नव्हता, मारामारी होती. घरातून काच फुटल्याचा आवाज आला. भिंतीवरचं फळकूट निसटलं होतं. त्याच्यावर बाबांनी पहिल्या दिवसांपासूनच्या बाटल्या ओळीनं जपून ठेवल्या होत्या. आक्का धावली. बाबा खुर्चीतच होते, मांडीवर गिलाव्याचे पोपडे, कपाळाला काच लागलेली, भुवईवरून रक्ताची रेघ. भिंतीच्या बुडातून फेस येत होता, कोमट, पिवळसर, ताज्या पावासारखा वास असलेला, आणि त्यांच्या चपलांभोवती पसरत होता.

"काही नाही झालं," बाबा म्हणाले. "बाटल्या गेल्या. डबडी फुटली आणि मेल्या बाटल्या. बघ, म्हणून मला डबडी..." आणि ते वाकून काचा गोळा करायला लागले.

धाकट्यानं त्यांना उचलून बाहेर नेलं. आक्कानं टॉवेल त्यांच्या कपाळावर दाबला आणि त्यांचाच हात त्याच्यावर ठेवला. मग ती शेडमध्ये गेली. धाकट्याचा वेल्डिंगचा मुखवटा चढवला. जाड रजई अंगाला गुंडाळून दोरीनं बांधली. दाराशी आली तेव्हा ती माणसासारखी दिसत नव्हती. बिऱ्हाड हलवताना गाडीवर टाकलेल्या गाठोड्यासारखी दिसत होती.

"आक्का, परवाना!" धाकटा ओरडला. कालचा तोच धाकटा.

"परवाना बिअर बनवायचा आहे," ती मुखवट्याआडून म्हणाली, "बापाला मारायचा नाही."

पक्कड. तार. एकदा दाबलं आणि चण्याएवढी गोळी फेसात पडली. इतकं सोपं होतं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

आत ऊब अंगावर आली. कॅन पायाखाली लोळत होते, काही फाटलेले, काही पोट सुटलेले, डुलणारे. एक तिच्या खांद्याशी फुटला आणि रजईतून बुक्की बसल्यासारखं झालं. मुखवट्यावर फेस. तिला दिसेना. भिंत चाचपत गेली, हाताला बटण लागलं, आणि तिनं ते दाबलं. अंगठ्यानंच. थंडखोली आधी खोकली, मग घरघरली.

ती बाहेर येऊन अंगणात बसली. किती दिवसांनी बसली! आतले आवाज विरळ होत गेले. उन्हं उतरेपर्यंत अधूनमधून एखादा, मग तोही नाही.

बिअर गेली होती. उरलेले कॅन गारठले की एकेक उघडून मोरीत ओतायचे, विकायचा एकही नाही, हे तिनं कुणी न विचारता सांगून टाकलं. बाबा कपाळाची पट्टी सावरत म्हणाले, "पुढच्या खेपेला पाक करणार नाही."

"बाबा, 'बरं' म्हणा."

"बरं नाही म्हणत. करणार नाही म्हणतोय."

मग तिनं तुम्हाला फोन लावला. सील मी फोडलंय, म्हणाली. नाव सांगितलं. आणि काय नवल, मीटिंग संपली! दौरा संपला! जेवण संपलं! ज्या ऑफिसला बटणासाठी पायात बळ नव्हतं, ते सकाळी दोन गाड्या भरून आलं. शिक्केवालासुद्धा आला, प्रशिक्षण अर्धं टाकून. पहिल्या गाडीतून तुम्ही उतरलात.

गोळी तुम्ही रुमालात गुंडाळून घेतलीत. पोपडे पडलेली भिंत बघितली नाहीत. बाबांची पट्टी बघितलीत आणि नजर काढून घेतलीत. मग थंडखोलीच्या दारात उभं राहून म्हणालात, "उरलेला माल पुरावा आहे. ओतता येणार नाही. पुन्हा सील होणार."

"करा," आक्का म्हणाली. "थंडी चालू ठेवून करा."

"सीलबंद जागेत यंत्र—"

"ते ऐकलंय."

तुम्ही आत पाऊल टाकलंत. शिक्केवाला मागेच राहिला. त्यानं लोळलेले कॅन पाहिले होते. तेव्हा हात तुम्हालाच पुढे करावा लागला. या खेपेला अंगठा तुमचा स्वतःचा.

आक्का दारात आली. ओरडली नाही. चहा पुढे करावा तसं बोलली.

"दाबा, साहेब. अडवत नाही. पण या खेपेला आम्ही तिघं बाहेर थांबतो. रस्त्यापलीकडे, त्या झाडाखाली. तुम्ही आत थांबा. खुर्ची देते, बाबांचीच. दार मी ओढून घेते, सील तुम्ही आतून लावा. फाइल वरून खाली येईपर्यंत बसा. कंटाळा आला तर भिंतीवर वाजवा."

शिक्केवाल्यानं आणखी एक पाऊल मागे घेतलं. बाबांनी खुर्ची खरंच उचलून आणली आणि कॅनच्या मधोमध ठेवली. तिच्या पायाशी एक पोट सुटलेला कॅन अजून मंद डुलत होता.

तुमचा अंगठा बटणापासून वीतभर लांब आहे. थंडखोली घरघरतेय. धाकटा बघतोय, बाबा बघतायत, आणि तुमच्याच दोन गाड्यांतली माणसं उतरून बघतायत. आक्का दाराला हात लावून उभी आहे.

"बोला," ती म्हणते. "बसताय?"

फाइल नको, लेखी नको, वर बघू नका. वर पंखासुद्धा नाही इथं. उत्तर द्या, साहेब.